अठरा अक्षरं आणि देवाचा वाटा

आमच्या घरी भात मोजताना पहिली पायली 'एक' नसते, 'लाभ' असते. ती देवाच्या वाट्याची म्हणून बाजूला ओतायची आणि मग एकपासून मोजायला लागायचं. आटगावजवळच्या आमच्या खळ्यावर मी लहानपणापासून अशीच मोजत आले. पुढे शिकले, तशी आईच्या या लाभाला हसायलाही लागले. फार शहाणी झाले होते.

पीएचडीला माझा विषय होता विषाणूच्या संसर्गाशी संबंध असलेली माणसाची जनुकं. जनुकातली अक्षरं तीन-तीनने वाचतात. त्या तिघांच्या गटाला कोडॉन म्हणतात. एकच अमिनो आम्ल मागवायला बहुधा दोन-चार कोडॉन चालतात, पण जनुकाचा जीव त्यातल्या एखाद्यावरच असतो. भात आमटीशी खा नाहीतर ताकाशी, पोट भरतंच, पण आवड ज्याची त्याची. ती आवड मोजायची, हे माझं काम.

त्यातलं एक जनुक बाकीच्यांहून साफ निराळं निघालं. फक्त शेवटी यायला हवेत असे 'थांबा' सांगणारे कोडॉनही मधेमधे दिसत होते, ते मी मूळ नोंदीतल्या चुकांवर ढकलले. मार्गदर्शक सरांना कळवलं, मुरबाडच्या मामालाही फोन करून झाला. प्रबंधाचं मुख्य प्रकरण यावरच उभं राहणार होतं आणि सोमवारी ते विभागात सगळ्यांसमोर मांडायचं होतं.

रविवारी दुपारी लाइट गेली. छापील कागद घेऊन मी पडवीत शेवटचं तपासायला बसले. या जनुकाच्या नोंदीत कोडॉन सुरू होण्याआधीची अठरा अक्षरं सोडायची होती, आणि तेवढंच मी हाताने मोजलं होतं. पेन्सिल टेकवत पुन्हा पुटपुटले, "लाभ, एक, दोन..." अठराला खूण केली. ती जुन्या खुणेवरच आली, म्हणून बरं वाटलं.

शेजारी तांदूळ निवडणारी आई थांबली. "कागदावर कुठल्या देवाचा वाटा काढलास गो?"

आधी मला कळलंच नाही. मग पहिल्या अक्षरापासून पुन्हा मोजलं. मी अठरा नव्हे, एकोणीस अक्षरं सोडली होती. एक अक्षर सरकलं की पुढचा प्रत्येक कोडॉन चुकतो. तीनदा तपासलं होतं आणि तिन्ही वेळा लाभ बाजूला काढला होता, तोही तोंडाने म्हणून, स्वतःच्या कानांनी ऐकून. मला माझीच भीती वाटली.

लाइट आल्यावर एक अक्षर मागे जाऊन पुन्हा सगळं मोजून घेतलं. जनुक अगदी इतरांसारखं निघालं.

सरांना फोन करून चूक सांगितली. कसं झालं, त्यांनी विचारलं. लाभापासून सगळं सांगितलं.

"अगं, मी चार जणांना सांगून बसलो," ते म्हणाले. मग हळूच म्हणाले, "उद्या ये. काय चुकलं तेच सांग."

आईने निवडलेले तांदूळ डब्यात भरले. "सर रागावलं का गो?"

"नाय," मी म्हटलं. रागावले असते तर बरं झालं असतं.