दप्तरखान्यात भरलेला वर्ग

माहितीच्या अर्जांना आणि अपिलांना उत्तरं कशी द्यावीत, याचं प्रशिक्षण आहे म्हटल्यावर कारकुनाने कपाळाला हात लावला. दिवसभर कलमं ऐकायची, चहा ढोसायचा, प्रमाणपत्र घेऊन घरी जायचं, एवढंच ते असतं. पण शिकवायला आलेल्या बाईंची तऱ्हाच न्यारी. सत्तावीस वर्षं दप्तरखान्यात गठ्ठे उपसून मग त्या या कामाला लागलेल्या. आल्या आल्याच त्यांनी विचारलं, "उद्या कुणाच्या अपिलाची सुनावणी आहे?"

कारकुनाने नाइलाजाने हात वर केला. अनाथालयात वाढलेल्या एका नर्सने स्वतःची फाईल मागितली होती. आपल्याला तिथे कुणी आणि का सोडलं, एवढंच तिला हवं होतं. याने 'अभिलेख सापडत नाही' असं लिहून हात झटकले होते.

"सगळीकडे शोधलंत?"

"ती दाखल झाली त्या वर्षाचे गठ्ठे पाहिले की, बाई."

"आणि तिथून बाहेर कधी पडली ती?"

कारकून अपिलाचे कागद चाळू लागला.

"अहो, मूल येतं तेव्हा फाईल उघडते. पण ठेवतात ती मूल बाहेर पडून बंद झाली त्या वर्षाच्या गठ्ठ्यात! चला, उठा सगळे."

इस्त्रीचे कपडे सांभाळत सगळी वरात तळघरातल्या दप्तरखान्यात उतरली. बाईंनी बाह्या सरसावल्या. गठ्ठ्याच्या कडेला नुसता अंगठा लावून त्या वर्ष सांगत, आणि गाठ सोडली की नेमकं तेच निघे! कारकून तोंडात बोट घालून बघत राहिला. नऊ वर्षं त्याने याच इमारतीत काढली होती, पण आपल्या पायाखाली एवढी माणसं बांधून ठेवलेली आहेत, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं.

दुपारी फाईल त्याच्याच हाताला लागली. पहिला कागद आईचा होता. 'आजारी आहे. बरी झाले की घेऊन जाईन.' त्यामागे तिचीच चौदा पत्रं. मुलीला भेटायला येऊ का, एवढंच प्रत्येकात विचारलेलं. आणि प्रत्येकाच्या समासात सुरेख अक्षरात शेरा: 'दप्तरी दाखल.' उत्तर एकालाही नाही.

बाईंचेही डोळे भरून आले. "पुढे वाचू नका," त्या म्हणाल्या. "हे तिचं आहे. पानांना नंबर घाला आणि उद्या सगळं तिच्या हातात द्या."

दुसऱ्या दिवशी अपील ऐकणाऱ्या साहेबांसमोर कारकून उभा राहिला. "साहेब, मी नीट शोधलंच नव्हतं. चूक माझी आहे."

नर्सने उभ्यानेच पानं उलटायला सुरुवात केली. तिसऱ्या पत्राशी ती खुर्चीत बसली. शेवटच्या पत्राखाली पत्ता होता. तो तिने दोनदा वाचला आणि मान वर न करताच विचारलं, "या गावाला जायला गाडी किती वाजता मिळेल?"

'माहीत नाही' हे शब्द कारकुनाच्या अगदी ओठांवर आले होते. त्याने ते गिळले आणि विचारायला धावत सुटला.