मुकादमाचं माप

बयाबाई मान्यांच्या मिरची-कांडपावर काठी दिसायची नाही. कोल्हापुरात, शाहूपुरीतल्या त्या बोळात उन्हाळ्याच्या तोंडाला मिरचीची पोती घेऊन बायकांची रांग लागते, यंत्राचे डंक धाडधाड आपटत असतात, ज्याच्या-त्याच्या नाकाला पदर नाहीतर रुमाल. पण शटर ओढायचा आकडा, जळमटं काढायचा झाडू, असलं लांबडं काही हाताशी सापडायचं नाही. सगळं मागच्या दाराला. नवरा जोतीराम गुडघ्यानं अधू, तोसुद्धा काठी शेजारच्या जिन्यात ठेवायचा आणि भिंत धरत धरत आत यायचा.

"कुत्र्यापायी नवऱ्याला भिंतीला लावलंय हिनं," तो रांगेतल्या बायकांना सांगायचा.

"तुमास्नी कुणी काठीनं फोडलंय का?" बयाबाई पोत्यातून मान वर न काढता विचारायची. "त्याला फोडलंय."

तो म्हणजे मुकादम. चार वर्षांपूर्वी कांडपाच्या पायरीखाली येऊन पडलेलं तांबडं गावठी कुत्रं. धड लांब, पाय आखूड, पाठीवर वळ. बरा झाला तसा दारात बसून रांगेवर अशी नजर ठेवायला लागला की बायकांनीच त्याचं नाव पाडलं. मधे कुणी घुसली तर भुंकायचा नाही, नुसता जाऊन तिच्या पायाशी बसायचा. पण कुणी काही लांबडं उचललं की संपलं. चारी पाय पोटाखाली घेऊन फरशीला असा चिकटायचा की पोतेरं पडलंय असं वाटावं.

जिम चालवणारा विश्वजित सरनोबत आईबरोबर चटणी कांडायला आला, तेव्हा बोळातल्या क्रिकेटचा चेंडू रांगेवर आला. मुकादमानं तो अधांतरीच झेलला आणि आणून बयाबाईच्या पायाशी ठेवला. विश्वजितनं दोनदा, तीनदा चेंडू टाकून बघितला. प्रत्येक वेळी तसंच.

"मावशी, ह्याला आमच्यात द्या की."

"तुमच्यात म्हंजे कुठं?"

"फ्लायबॉल. चार कुत्र्यांची टीम. वाटंत चार फळ्या, त्या उडून जायचं. टोकाला पेटी असती, तिच्यावर पाय हाणला की चेंडू सुटतोय. त्यो तोंडात धरून तसंच फळ्या उडत माघारी. एक आला की दुसरा सुटणार. शेजारनं दुसरी टीम पळालेली असती. माझी दोन हायत, आमच्यातल्या स्नेहलचा लॅब्रडॉर हाय. चौथा बुटका पायजे."

"बुटकाच कशाला?"

"सगळ्यात बुटक्या कुत्र्याच्या मापानं फळ्या लावत्यात. खांद्यापतुर उंची मोजायची, त्यातनं सा इंच वजा. चौघांस्नी तेवढीच उडी."

बयाबाईनं डंकाचं बटण बंद केलं. "म्हंजे बुटक्यासाठी उंचांनी दमानं घ्यायचं?"

"व्हय."

"असला नेम पयल्यांदाच ऐकालोय," ती म्हणाली. आणि छप्पन्नाव्या वर्षी, पायात पावडरनं लाल झालेले बूट घालून, ती दर रविवारी सकाळी विश्वजितच्या टीमच्या, 'रंकाळा रॉकेट्स'च्या मैदानावर जायला लागली.

पहिला सामना हातकणंगल्याला झाला. पंच उंची मोजायला आले. हातात उभी काठी, तिच्यावर वरखाली सरकणारी आडवी पट्टी. काठी बघितली आणि मुकादम भुईसपाट झाला. पंचांनी दोनदा वाट बघितली, मग पाठ जिथं होती तिथं पट्टी टेकवली. पंधरा इंचाचा कुत्रा तेरा इंच भरला. फळ्या सातवर लागल्या आणि विश्वजितची कुत्री त्यांच्यावरून वाऱ्यासारखी गेली. करंडक मिळाला. विश्वजितनं मुकादमाच्या गळ्यात हार घातला.

"मावशी, तुमचं कुत्रं म्हंजे लॉटरी हाय. काठी बघून दोन इंच आत जातंय की."

सगळे हसले. बयाबाई हसली नाही.

"ते भ्यालंय, विश्वजित."

"भ्यालं तर भ्यालं. पळतंय तर झकास न्हवं?"

त्या वेळच्या फोटोत बयाबाई आहे, पण तोंड करंडक हरवल्यासारखं. घरी येईपर्यंत ती धुमसत होती. मुक्या जनावराला कुणी झोडपलं, त्यानं अंग चोरलं, आणि आपण त्या चोरलेल्या अंगाचा करंडक घेऊन आलो. जोतीरामनं विचारलं, "जिकलासा न्हवं?" तर म्हणाली, "आमी न्हाय. ज्यानं मारलंवतं त्यो जिकला."

दुसऱ्या दिवसापासून तिनं सुरुवात केली. आधी खराट्याची काडी. फरशीवर ठेवायची, शेजारी भाकरीचा तुकडा. मुकादम वास घ्यायचा, तुकडा खायचा. मग पळी. मग लाटणं. जमिनीवरून बोटभर उचलायचं, की तुकडा. आणखी बोटभर, की तुकडा. रांगेतल्या बायका म्हणायच्या, "बया, मिरची कांडालीस का कुत्र्याला शाळंत घालालीस?" सात महिने. दिवाळीत जोतीराम आपली काठी टेकत थेट आत आला. मुकादमाची शेपूट खाली गेली, कान मागं गेले, पण चार पायांवर उभा राहिला. जोतीरामनं भिंत सोडली त्या दिवसापासून.

डिसेंबरात राज्याची स्पर्धा कोल्हापुरातच ठरली. बयाबाईला त्याच आठवड्यात भाच्याच्या लग्नाला कुरुंदवाडला जावं लागलं. दोन दिवस मुकादम विश्वजितकडं ठेवला. परत आली, चपात्या लाटायला बसली, लाटणं उचललं आणि मुकादम पलंगाखाली गेला. पार भिंतीपर्यंत. हाक मारली तरी येईना.

तिनं लाटणं खाली ठेवलं, हाताचं पीठ तसंच ठेवून स्नेहलला फोन लावला. स्नेहल दातांची डॉक्टर, खोटं बोलायची सवय नाही.

"मावशी, मारलं नाही हां त्याला. विश्वजितनं फक्त मोजायची काठी त्याच्यासमोर आपटली. सारखी सारखी. मी म्हटलं त्याला, नको करूस. तर म्हणाला, सरळ उभं राहायला लागलंय हे, सामन्यात आपली पंचाईत होईल."

बयाबाई तडक मैदानावर गेली. विश्वजित पेटीची स्प्रिंग तपासत होता.

"काठी आपटलास?"

"कोन बोललं?"

"कुत्रं बोललं. आपटलास का न्हाय?"

तो उभा राहिला. "मावशी, आयका. दोन इंच म्हंजे किती हाय ठावं हाय का? पुन्याची टीम सेकंदाच्या दशांशानं हरवती. माझी कुत्री वरीसभर सातच्या फळीवर घोटलीत. आता नऊची आनली तर लय बदलंल त्यांची."

"मग नऊवर घोटायची. तुझी कुत्री माझ्या कुत्र्याच्या दुप्पट हायत, त्यांचं पाय काय शोभंला हायत?"

"नियमात बसतंय सगळं. पंच मोजतील तीच उंची."

"नेम बुटक्यासाठी केलाय, लेका. बुटक्याला भ्या घालून आनकी बुटका करायला न्हाय केल्याला." तिचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता, आणि तो ऐकून विश्वजितनं हातातला पाना ठेवला. "सात महिनं मी त्याला हुभा केला. तू दोन दिसांत पाडलास. व्यायाम शिकवतोस की लोकांस्नी? कुणाला पाडून शिकवतोस?"

"काढून घेतासा काय कुत्रं?"

"काढून घेतलं तर चौघांचं तीन हुत्यात, टीम बाद. स्नेहलनं काय केलंय? येतो मी. पन मोजताना त्याच्या शेजारी मी हुभी ऱ्हानार, आनि तू धा पावलं लांब."

हातात चार दिवस होते. सात महिन्यांचं काम चार दिवसांत होत नाही हे तिला कळत होतं. तरी काडी, पळी, लाटणं. पलंगाखालून तो अर्धा बाहेर आला, एवढंच.

स्पर्धेच्या दिवशी पंच बाहेरगावचे होते, मऊ बोलणारे. काठी घेऊन आले आणि मुकादम बसला. बसला कसला, सांडला.

"आजी, सरळ उभा करा ना जरा."

"मी न्हाय करत. त्यो हुईल."

पंचांनी वाट बघितली. मागं रांगेत दुसऱ्या टीमा होत्या, कुणीतरी घड्याळ बघितलं. पंच वाकले, पट्टी सरकवली. "तेरा लिहितो मग."

"लिवू नगासा."

"आजी, कमी उंची तुमच्याच फायद्याची आहे."

"म्हनूनच सांगालोय. ह्यानं मार खाल्ल्याला हाय, सायेब. पडल्याल्याचं माप घेऊ नगासा. ती काठी भुईला ठेवा आनि तुमी बी बसा."

पंचांनी एकदा तिच्याकडं, एकदा रांगेकडं बघितलं. काय वाटलं कुणास ठाऊक, काठी गवतावर आडवी ठेवली आणि पँट वर ओढून उकिडवे बसले. बयाबाई शेजारी बसली. दहा पावलांवर विश्वजित हाताची घडी घालून उभा. मुकादमानं आधी नाक पुढं केलं. काठीच्या टोकाचा वास घेतला. मग मधला. मग उठला. पंचांनी बसल्या बसल्याच काठी उभी केली, फार सावकाश. त्याचे कान मागं गेले, पाठ थोडी दबली, पण पाय सरळ राहिले.

"साडेचौदा," पंच म्हणाले. "अर्धा सोडून द्यायचा, फळी आठ."

"अर्धा इंच आजून हाय त्याच्यात," बयाबाई म्हणाली. "पुढच्या येळंला काढू."

उपांत्य फेरीत समोर पुण्याची टीम होती. मुकादम आपल्या आखूड पायांनी चारही फळ्या उडाला, चेंडू झेलला, आला. स्नेहलचा लॅब्रडॉर उडाला. विश्वजितची दोन्ही कुत्री सातच्या सवयीची. दुसऱ्याचा मागचा पाय परतीच्या तिसऱ्या फळीला लागला, ते कोलमडलं आणि चेंडू सुटला. हरले.

"एक इंच," विश्वजित आला तोच म्हणाला. त्याचे डोळे लाल झाले होते. "एका इंचानं घालवलासा, मावशी. वरीसभर रगडलोय मी."

"त्येला नऊ शिकवलं असतंस तर आठ त्यानं झोपंत मारली असती. तुज्याच कुत्र्याचा पाय दुखावला, बघितलास का आधी? का नुसता इंच मोजालाईस?"

स्नेहल केव्हाच त्या कुत्र्याचा पाय चाचपत बसली होती.

पुढच्या रविवारी बयाबाई सगळ्यांच्या आधी मैदानावर होती. तिनं चारही फळ्या नऊवर चढवल्या, खिळ्या घट्ट केल्या. विश्वजित आला, फळ्यांकडं बघत थांबला, पहिल्या फळीच्या खिळीवर हात ठेवला.

"काढ की," बयाबाई म्हणाली. "मी परत लावतो. माझं कांडप आज बंद हाय. दिसभर लावत बसतो."

थोडा वेळ हात तिथंच राहिला. मग त्यानं तो काढला आणि कुत्र्यांचे पट्टे सोडायला गेला. माफी मागितली नाही. बयाबाईचाही राग गेला नव्हता, आणि घालवायची तिला काही घाई नव्हती. ती मुकादमाला घेऊन रेषेवर उभी राहिली. "सोड गा पयला," ती ओरडली.