दोरा गुंडाळलेला चेंजर

माझे बाबा शेतकरी, पण पंचक्रोशीत त्यांची ओळख स्पीकरवाले अशीच. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला किन्हवलीच्या आसपास कुठेही लग्न, पूजा, बारसं असलं की आमचा सेट बैलगाडीतून निघायचा. दोन कर्णे, एक ॲम्प्लिफायर आणि रेकॉर्ड वाजवायचं मशीन, ज्याला त्या धंद्यातली माणसं चेंजर म्हणत. कॅसेटी तोवर घरोघर पोचल्या होत्या. बाबांना त्या आवडत नसत. "डबीत काय चाललंय ते दिसत नाय," म्हणायचे. रेकॉर्डचा सगळा कारभार डोळ्यांसमोर, म्हणून त्यांचा तिच्यावर विश्वास.

तो कारभार त्यांनी मला नीट दाखवला होता. ॲम्प्लिफायर बंद ठेवून नुसता चेंजर चालू करायचे आणि मला सुईजवळ कान न्यायला लावायचे. कर्ण्यातून काहीच येत नसायचं, पण सुईपाशी डासाएवढ्या आवाजात गाणं चाललेलं असायचं. तबकडीवरची रेघ दिसते गुळगुळीत, पण ती बारीक वळवळत जाते. सुई तिच्यात बसते आणि रेघ हलवेल तशी थरथरते. ती थरथर म्हणजेच गाणं, बाकीच्या पेट्या फक्त ते मोठं करतात. शाळेतलं विज्ञान माझ्या डोक्यावरून गेलं, हे मात्र जन्माचं कळलं. पोरीला विजेच्या वस्तूला हात लावू देणारा बाप आमच्या गावात दुसरा नव्हता, आणि त्याबद्दल मी आजही त्यांची ऋणी आहे.

चेंजरच्या पोटात एक रबरी चाक होतं. मोटरचा दांडा त्या चाकाला फिरवी आणि चाक वरच्या थाळीला. रबर झिजलं तशी थाळी मंदावली आणि गाणारी बाई कण्हू लागली. नवं चाक कल्याणपर्यंत शोधूनही मिळेना. मग बाबांनी आईच्या डब्यातला शिवणाचा दोरा घेऊन मोटरच्या दांड्यावर घट्ट गुंडाळला आणि वर चिकटपट्टी लावली. दांडा जाड झाला, थाळी पळू लागली. जरा जास्तच पळू लागली, पण कण्हणं थांबलं यातच सगळे खूश. ऐकून ऐकून कानांना तीच चाल खरी वाटायला लागली.

आमच्याकडे लग्नात हळद घरीच दळायची रीत. जात्याला आंब्याची डहाळी बांधतात, सुवासिनी खुंट्याला हात लावतात आणि गाणी म्हणतात. गाणी पाठ असणाऱ्या म्हाताऱ्या एकेक करून गेल्या, तसं बाबांनी हळदीच्या गाण्यांची रेकॉर्ड लावायची आणि बायकांनी तिच्यामागून म्हणायचं, असं गावात ठरूनच गेलं. ती वाजल्याशिवाय सिनेमाचं गाणं लावायची कोणाची छाती नव्हती. जातं गाण्याच्या ठेक्यावर फिरतं. रेकॉर्ड पळायची म्हणून आमच्या गावात जातंही पळायचं, आणि आम्ही पोरी सासरी गेलो त्या ही पळती गाणी पदरात बांधूनच.

मला मुरबाडकडच्या एका गावात दिलं. पहिल्याच वर्षी चुलत नणंदेच्या हळदीला तिथे कॅसेट लागली. गाणं आमचंच, पण गाणारी कोणी दुसरीच वाटली. आमची बाई कोवळ्या आवाजाची, ही चांगली चार लेकरांची आई असावी अशी भारदस्त आणि निवांत. मला वाटलं, कोणीतरी नक्कल केली. पण दुसऱ्या कडव्याआधी आमच्या रेकॉर्डवर बाईच्या बांगड्या किणकिणतात, त्या इथेही नेमक्या तिथेच किणकिणल्या. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला: बाई तीच, आमच्याकडे दोरा तिला पळवत होता. माझा हात मात्र माहेरच्याच वेगाने फिरत होता. त्याच खुंट्याला हात लावून बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "अगो, जातं काय पळून चाललंय का कुठं?" बायका पोट धरून हसल्या, आणि मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

माहेरी गेल्यावर मी बाबांना हे सांगितलं. ते आरामात हसले. "बाय, टेप ताणते. ताणली का गाणं रडतं. रेकार्ड कशी ताणंल?" दोऱ्याचा विषय मी पुन्हा काढला नाही.

दोन हजार साल उलटलं आणि बाबांना बोलावणारं कोणी उरलं नाही. वर्षातून एखादी पूजा, तीही जुन्या ओळखीतली. त्यातच माझ्या धाकट्या दिराचं लग्न ठरलं. दिराच्या मित्रांनी माणसाएवढे स्पीकर सांगून ठेवले होते. तरी बाबांचा निरोप आला, "लेकीच्या घरचं कार्य, हळदीला सेट माझाच." परक्या गावात हसले असते तर बाबांनी मनावर घेतलं नसतं. पण लेकीच्या सासरी, व्याह्यांच्या मांडवात हसं झालं, तर ते चेंजरचं झाकण पुन्हा उघडणार नाहीत, हे मला स्वच्छ दिसत होतं. शेवटी धीर करून मी सासूबाईंना दोऱ्याची सगळी गोष्ट सांगितली. त्या सुपात तांदूळ निवडत होत्या. "बरं," एवढंच म्हणाल्या आणि निवडत राहिल्या.

हळदीच्या सकाळी बाबा धुतलेली टोपी घालून मांडवात बसले. सुईवरची धूळ फुंकली, तबकडी पुसली, सुई टेकवली. आमची कोवळी बाई धावत सुटली. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. त्यांतला एक म्हणाला, "काका, रेकार्डच्या मागं कुत्रं लागलंय काय?" खुंट्यावरचे हात अडखळले, चुलतसासूबाईंनी तोंडाला पदर लावला. बाबांचा चेहरा उतरला. सुई उचलायला त्यांचा हात पुढे गेला.

"ऱ्हाऊ द्या, व्याही," सासूबाई जात्यावरून म्हणाल्या. "आमालाच सुस्ती चढलीय." मग बायकांकडे वळून, "फिरवा गो. दळता दळता सांज करायची हाय काय?" आणि त्यांनी खुंटा असा काही ओढला की बाकीच्यांना गाण्यामागे धावण्यावाचून गत्यंतर राहिलं नाही. धापा टाकत, शब्द गिळत, एकमेकींना कोपर मारत बायका गायल्या. हसत होत्या, पण स्वतःलाच. बाबांनी हात मागे घेतला आणि मांडीवर ठेका धरला. पुढे सासूबाई आणि मी पुष्कळ भांडलो, दोघी सारख्याच तोंडाळ. पण त्या सकाळनंतर माझ्या भांडणात पहिली धार कधी आली नाही.

घाईने दळलेली हळद जाडी पडते. दुपारी ती अंगाला लागली तसा दीर कुरकुरायला लागला, "आये, खडे लागतात गो." सासूबाईंच्या जात्याचं पीठ म्हणजे गावात वाखाणलेलं. शेजारणी आपली हळद दळायला आमच्या पडवीत येत. चुलतसासूबाईंना आयतीच संधी मिळाली. "काय गो, तुझ्या जात्याची हळद ही अशी?"

"टाकी लावायची ऱ्हायली जात्याला," सासूबाई म्हणाल्या. "लग्नाच्या गडबडीत ध्यानातच नाय आलं."

बाबा शेजारीच बसले होते. त्यांनी मान हलवली. व्याह्यांची अडचण आपल्याला सोडवता येते याचा आनंद त्यांच्या तोंडावर मावेना. "आमच्याकडं चांगला पाथरवट येतो. मी धाडतो त्याला, काळजी नका करू."

टाकी राहिली नव्हती. त्याच आठवड्यात मुरबाडचा पाथरवट आमच्या ओटीवर बसून सबंध सकाळभर छिन्नीने जात्याच्या गुळगुळीत झालेल्या दगडांना टाचे पाडून, टाकी लावून गेला होता, आणि त्याला चहा मीच नेऊन दिला होता. मी सासूबाईंकडे पाहिलं. लेकाच्या पाठीला ती भरड हळद चोळत त्या बाबांना विचारत होत्या, "मंग कधी धाडता त्याला?"