संस्थापकांची पाटी घेऊन वाशीम जिल्ह्यात

माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे बाबांनी, पुण्यात एक पाटी रंगवून घेतली: ‘या गावाचे संस्थापक, कै. आबाजी’. गाव मेडशीजवळचं. इंग्रज साहेब जमीन मोजायला आला तेव्हा आमच्या आबाजींनीच त्याला ओसाड माळ दाखवला आणि गाव वसवलं, हे बाबा लहानपणापासून ऐकत आलेले. एकदा ही पाटी वेशीवर लागली की मी मोकळा, असं ते म्हणाले. पंचाहत्तरी उलटलेल्या माणसाला एकटं कसं सोडणार? मी निघाले.

रेल्वेनं अकोला, पुढे पातूर-मेडशीवरून एसटीनं वाशीम. एसटीत बाबा फुकट, मी अर्ध्या तिकिटात. सूट मिळाली नाही ती फक्त पाटीला, कारण कंडक्टरनं तिला सामानात धरलं.

आधी तिथल्या मोजणी कचेरीत कागद बघू, हा हट्ट माझा. तुम्हीही जाणार असाल तर जुन्या मोजणीच्या नकलेचा अर्ज सकाळीच द्या, जेवणाच्या सुट्टीत कुणाला छेडू नका. नक्कल मोडी लिपीत निघाली. कचेरीबाहेर मोडी वाचून देणारे एक निवृत्त गुरुजी भेटले. शीव दाखवणारा, गावचा महार राघो, असं त्यांनी वाचलं. आबाजी बरेच खाली होते: नवा आलेला, पडीक जमीन मागतो.

“गाव पयलेच होतं, साहेब,” गुरुजी म्हणाले. “तुमचे आबाजी मागून आले.”

परत मेडशीच्या स्टँडवर उतरलो. समोर गरम भजी आली तरी बाबांनी हात लावला नाही, यावरून काय ते समजा.

तरी गावात गेलोच. राघोच्या वंशातल्या सिंधूबाई बौद्ध वस्तीत अंगणात सोयाबीन वाळवत होत्या. साहेब घोड्यावर आणि राघो पायी, अशी तीन दिवस शीव फिरली, हे त्यांना तोंडपाठ होतं. मोजणीचा दगडही त्यांच्याच बांधावर निघाला. बाबांनी काखेतली पाटी हळूच उलटी फिरवली. मला हसू आवरेना.

सिंधूबाईंनी आग्रहानं भाकर-बेसन वाढलं. जेवता जेवता बाबांनीच विषय काढला. “बाई, पाटीवर आता पयलं नाव राघोचं टाकतो.”

“टाका ना,” सिंधूबाई म्हणाल्या. “पन ज्यानं शीव दाखवली, त्याले गावच्या विहिरीवर पानी भरू देत नोते. तेबी लिहा.”

बाबांचा घास हातातच राहिला. मला फार लाज वाटली. आमच्या घरच्या गोष्टीत विहीर कधी आलीच नव्हती.

परत येताना पाटीला पुन्हा सामानाचं तिकीट पडलं. आता ती आमच्या बाल्कनीत आहे. वर राघोचं नाव आलंय, सगळ्यात खाली ‘आबाजी, नवा आलेला’. मधली ओळ कोरी आहे. पेंटर दर दोन दिवसांनी फोन करतो आणि बाबा त्याला सांगतात, थांब रे, विहिरीचं नीट लिहिता आलं पाहिजे.