सुपारी मी फोडू दिली नाही

माझी शाळा चौथीपर्यंत. तरी ग्रामसभेत ठराव वाचला तो मला नीट समजला होता. लग्नाआधी मुलगा आणि मुलगी, दोघांनीही एचआयव्हीची तपासणी करायची. सगळ्यांनी हात वर केले, मीही केला. पण घरोघर त्या ठरावाचं वेगळंच झालं. पत्रिका मुलीची आधी मागायची, फोटो मुलीचा आधी मागायचा, तसं रक्तही मुलीचंच मागायला लागले. मुलाचं मागितलं की पाव्हण्यांचा अपमान.

माझी नात माझ्यापाशी वाढली. तिची आई, म्हणजे माझी लेक, नळदुर्गला दिलेली. जावई ट्रकवर. त्याला हा आजार आहे हे त्याच्या घरात लग्नाआधीच माहीत होतं. आम्हाला तो मेल्यावर कळलं. नात निरोगी जन्मली, लेक मात्र वाचली नाही. सासरचे म्हणाले, हिनंच आणला. मी त्यांच्याशी भांडत बसले नाही. पोरीला काखोटीला मारलं आणि एसटीत बसले.

गेल्या उन्हाळ्यात तिला उमरग्याकडचं स्थळ आलं. मुलगा पुण्यात नोकरीला. आईचं कळल्यावर त्यांनी आधी नातीची तपासणी मागितली. ती स्वतः सरकारी दवाखान्यात गेली, रक्त दिलं. काही निघालं नाही. मग त्यांनी सुपारी फोडायचा दिवस धरला. आमच्याकडं एकदा सुपारी फुटली की लग्न ठरलं. त्यानंतर माघार म्हणजे बदनामी, आणि ती मुलीचीच.

सतरंजीवर पाव्हणे बसले. मध्ये ताट, ताटात नारळ, कुंकू, सुपारी. चुलीवरून पुरणाचा वास येत होता. मी विचारलं, "पोराची तपासणी झाली का?"

मुलाचा मामा हसला. "आजी, त्याला काय झालंय? पैलवान गडी हाय."

"मग सुईला कशाला भितोय?"

माणसं हसली. माझा मुलगा मात्र लालबुंद झाला. "आई, तू गप बस की जरा."

तेवढ्यात मुलाची आई आणि तिची जाऊ कानडीत बोलू लागल्या. माझं माहेर कर्नाटकातल्या आळंदच्या बाजूचं, कानडी माझ्या आईची भाषा. पण इथं बोलायला कोणी नसल्यानं मला ती येते हे घरातही फारसं कुणाच्या ध्यानात नव्हतं. जाऊ म्हणाली, "तपासलं आणि काही निघालं तर? एकदा सुपारी फुटू दे, मग बघू."

'मग बघू' म्हणणाऱ्यांच्या घरात माझी लेक मेली होती.

मी ताटातली सुपारी उचलली, चंचीत टाकली आणि नाडी ओढली. त्या दोघींना कानडीतच म्हणाले, "आत्ताच बघू." दोघींचे चेहरे उतरले. मग सगळ्यांना समजेल असं मराठीत सांगितलं, "काही निघालं तर मी त्याला हाकलणार न्हाय. आता गोळ्या मिळतात, माणसं जगतात. पण झाकून माझ्या पोरीच्या गळ्यात बांधू देणार न्हाय."

मामा उठला. "ह्यो आमचा अपमान हाय."

"माझ्या नातीचं रक्त मागितलं तवा कुणाचा मान झाला?"

गलका झाला. नवरामुलगा खाली मान घालून बसलेला. महिनाभर तो आणि नात फोनवर बोलत होते, तिला तो आवडला होता, हे मला माहीत होतं. नात स्वयंपाकघरातून बाहेर आली. हाताला पुरण लागलेलं. सरळ त्याच्यासमोर उभी राहिली.

"तुम्ही चला. दवाखाना उघडा हाय. मी येते सोबत."

त्यानं आईकडं बघितलं, मामाकडं बघितलं. म्हणाला, "घरचे म्हणतील तसं."

त्याला काही होतं असं मी म्हणत नाही. नसेलही. ते न जेवता गेले. पोळ्या आम्ही गल्लीत वाटल्या. माझा मुलगा बरेच दिवस माझ्याशी बोलला नाही. गावातही झालं, म्हातारीनं नातीचं वाटोळं केलं. मी जाता येता ऐकवलं, "ठरावाला हात तुमचाबी वर होता."

नातीचं मला भ्या होतं. दोन दिवस ती कामातच डोकं घालून होती. तिसऱ्या दिवशी माझ्यासमोर येऊन बसली.

"आजी, ती सुपारी कुठं हाय?"

"चंचीत."

"दे इकडं."

वाटलं, फेकून देते की काय. तिनं खलबत्ता ओढला आणि सुपारी कुटायला लागली. शेजारीण भिंतीवरून डोकावली. "काय गं, कसला आवाज?"

"सुपारी फोडतीय," नात म्हणाली. "पुढचं स्थळ आलं तर त्यांना आधीच सांगा, इथं दोघांचं रक्त लागतं."

बारीक कूट माझ्या तळहातावर ठेवलं. मला दात नाहीत, हे तिच्या ध्यानात होतं.