आजोबा दुकानात गेलेत

आमच्या लाँड्रीत चादरीची घडी एकटीला घालता येत नाही. इस्त्रीच्या रोलरमधून गरम चादर बाहेर आली की दोघींनी दोन-दोन कोपरे धरायचे, एक झटका द्यायचा, चालत एकमेकींकडे यायचं, कोपऱ्याला कोपरा लावायचा आणि परत मागे. दिवसभर हेच. हॉस्पिटलच्या चादरी वेगळ्या, हॉटेलच्या वेगळ्या, घडी मात्र तीच. मशीनचा आवाज एवढा की लांबून बोललेलं ऐकू येत नाही. कोपरे जुळतात तेव्हा काय बोलायचं ते बोलून घ्यायचं.

माझ्या समोरच्या बाईचे गुडघे गेले आणि तिच्या जागी सुपरवायझरने ही नवी बाई आणून उभी केली. आपल्याच भाषेची निघाली म्हणून मला कोण आनंद झाला. म्हटलं चला, इतक्या वर्षांनी परमुलखात तोंडभर बोलता येईल. कसलं काय. मी दहा वाक्यं बोलावीत तेव्हा बाईने एकदा ‘हं’ म्हणावं. मी तिचं नाव घुमी ठेवलं. तिने माझं काय ठेवलंय ते मला बऱ्याच दिवसांनी कळलं, तोफखाना. तोंडावर मात्र ताई.

तिला राहायला जागा मिळत नव्हती, कारण पोर घेऊन आलेल्या बाईला कुणी खोली देत नाही. माझ्याकडे एक खोली रिकामी होती. मीच म्हटलं, ये. तशी ती आली, एक बॅग, एक पोर. पोर तीन वर्षांची. ही मुंगी. मुंगी अशासाठी की घरात बिस्किटं कुठेही ठेवा, तिला सापडायचीच. पण अख्खं बिस्किट कधी खायची नाही. मोडून अर्धं खायचं आणि अर्धं कुठेतरी ठेवून द्यायचं. उशीच्या खोळीत, खिडकीच्या फटीत, एकदा तर माझ्या बुटात. मी म्हटलं, बये, या घरात खऱ्या मुंग्या झाल्या तर भाडं तू भरशील काय? ती हसली नाही.

आणखी एक होतं. ती आईला नजरेआड होऊ द्यायची नाही. घुमी अंघोळीला गेली की ही दाराला पाठ लावून बसायची. घुमी कचरा टाकायला खाली निघाली की ही एकाच पायात बूट घालून मागे. झोपेतसुद्धा आईच्या बाहीचं टोक मुठीत. पाळणाघरात तर रोजचा तमाशा. घुमी तिला खेळण्यात गुंतवायची आणि हळूच सटकायची. आपल्याकडे सगळ्याच आया असं करतात. पाळणाघरातली बाई तिच्यावर चिडायची. ती म्हणायची, पळू नका, समोर उभं राहून सांगा की मी जाते, रडली तर रडू दे. घुमी मान हलवायची आणि दुसऱ्या दिवशी परत सटकायची. शेवटी मुंगीने खेळणंच सोडलं. दिवसभर दाराकडे तोंड करून बसायची.

हे असं का, ते मला तुकड्यातुकड्याने कळलं, चादरीचे कोपरे जुळवता जुळवता.

मुलगी पोटात असतानाच घुमीच्या नवऱ्याने दुसरं घर थाटलं. ही माहेरी आली ती कायमची. बाप बसच्या गॅरेजातून निवृत्त झालेला. भरघोस मिशी, आवाज म्हणाल तर भोंगा. जन्मभर इंजिनात हात घातलेला माणूस, पण नातीच्या वीतभर केसांच्या वेण्या तोच घालायचा. आजीच्या हातची वेणी मुंगीला चालायची नाही. ती त्याच्याच अंगाखांद्यावर वाढली. संध्याकाळी दोघं पायरीवर बसायची, एक बिस्किट मोडून अर्धं-अर्धं खायची. अख्खं एकट्याने खाल्लं तर पोट दुखतं, असं त्याने तिला पटवलं होतं.

मग या कामाचं जमलं. ‘जा,’ बापच म्हणाला, ‘आम्ही कुठे पळून चाललोय? पोरीचं भलं होईल.’ पण निघायचा दिवस जवळ आला तसा तोच कच खाऊ लागला. मुंगी त्याला सोडून गाडीत बसणार नाही हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तेव्हा त्यानेच युक्ती काढली. ‘तिला रडत नेऊ नका. मी बाजूला होतो. विचारलं तर सांगा, आजोबा बिस्किटं आणायला दुकानात गेलेत, आत्ता येतील.’ आणि हा बाप्या शेजारच्यांच्या खिडकीआड जाऊन उभा राहिला. नवे बूट मिरवत मुंगी गाडीत बसली. गाडी कोपऱ्यावर वळल्यावर तिने विचारलं आणि घुमीने ठरल्याप्रमाणे सांगितलं.

हे ऐकून मी चादरीला असा हिसका दिला की घुमीच्या हातून कोपरे सुटले. पोराचं रडणं आपल्याला सोसत नाही म्हणून आपण खोटं बोलतो, आणि वर म्हणायचं, पोराला सोसणार नाही. अगं, रडली असती. गाडीभर रडली असती, विमानभर रडली असती, रडून कुणाचं पोर विरघळलंय का? घुमी शांतपणे म्हणाली, ‘तुम्हाला पोर नाही ना, ताई.’ खरंच होतं. त्या दिवशी तोफखाना जेवणाच्या सुट्टीपर्यंत बंद होता.

घर ते पाळणाघर म्हणजे एक उताराचा रस्ता, दोन्ही बाजूंना दुकानं. पाववाला, चाव्या करून देणारा, औषधवाला, केस कापणारी, पडद्यांचं कापड विकणारे दोघे भाऊ. मुंगी प्रत्येक दुकानासमोर थांबायची, काचेला नाक लावायची आणि आत सगळीकडे बघायची. मला वाटायचं, पोरीला वस्तूंची हाव आहे. एकदा मी विचारलं, ‘काय पाहिजे गं तुला?’ तर म्हणाली, ‘आजोबा आहेत का बघते.’ चाव्यांच्या दुकानातसुद्धा. मी तिला उचललं आणि उरलेला रस्ता मला धड दिसेना.

या देशात आल्यावर पहिल्याच रविवारी, माझ्याकडे यायच्या आधी, घुमीने घरी व्हिडिओ कॉल लावला होता. तेव्हा आजोबा समोर बसले होते. त्यांना पाहताच मुंगीने फोन हिसकावला, उलटा करून मागे बघितलं, परत सुलटा केला, आणि मग जी रडायला लागली ती ताप येईपर्यंत. दोन दिवस पोटात अन्न नाही. तेव्हा आजोबांनी स्वतःच फर्मान काढलं, ‘यापुढे मी समोर येणार नाही. तिला रुळू दे. तुमचे तिथे राहायचे कागद झाले की तुम्ही याल, तेव्हा एकदमच भेटू.’

कागद म्हणजे काय विचारता, नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. ते हातात पडेपर्यंत देश सोडला तर परत आत घेणार नाहीत, असा इथला नियम. तेव्हा दर रविवारी फोनवर फक्त आजी. पण आजोबा फोनच्या मागे बसलेले असायचे, हे आंधळ्यालाही कळलं असतं. आजी प्रत्येक प्रश्न विचारायच्या आधी मान वर करून समोर बघायची. ‘बूट चावत नाहीत ना तिला? वेणी कोण घालतं? फार ओढून घालू नका म्हणावं.’ मधूनच दोन काळे, राकट हात दिसायचे, फोन जरा सरळ करून परत जायचे. घुमी त्या हातांकडे बघत आईशी बोलायची. ‘आम्ही येईपर्यंत तब्येत सांभाळा,’ असं शेवटी म्हणायची, ते आजीला नसायचं. तिचा सगळा जीव त्या एका भेटीवर टांगलेला होता. मुंगीचे आजोबा मुंगीला परत द्यायचे. मग बाकी काय व्हायचं ते होवो.

असं करता करता दुसरं वर्ष सरत आलं. मुंगी इथली भाषा फडाफडा बोलायला लागली, मला चुका दाखवायला लागली. दुकानांच्या काचांना नाक लावणं बंद झालं. बिस्किटाचे तुकडे सापडेनासे झाले. एक दिवस ती पाववाल्याच्या दारावरून सरळ निघून गेली. ‘विसरली, ताई,’ घुमी म्हणाली. चेहऱ्यावर सुटका होती आणि डोळ्यांत पाणी.

त्या रविवारी तिने आईला सांगितलं, ‘बाबांना समोर बसव आता. मुंगी नाही रडणार.’

आजी म्हणाली, आज नको, झोपलेत. पुढच्या रविवारी, अंघोळीला गेलेत. मला तेव्हाच आठवायला हवं होतं की फोन सरळ करणारे ते हात बरेच दिवस दिसले नव्हते. मग तिसऱ्या रविवारी आजी म्हणाली, ‘दुकानात गेलेत. आत्ता येतील.’ घुमी बरं म्हणाली, फोन ठेवला, भांडी घासली.

दुसऱ्या दिवशी लाँड्रीत आम्ही एका चादरीचे कोपरे धरून एकमेकींकडे चालत येत होतो. ती मध्येच थांबली. मी ओरडले, अगं ये की. ती आली नाही. चादर हातातून सुटून जमिनीवर पडली, पायात आली. मी तिच्याजवळ गेले. तिचे ओठ पांढरे पडले होते. ‘ताई,’ ती म्हणाली, ‘ते दुकानात गेलेले नाहीत.’

त्या संध्याकाळी तिने रविवारची वाट न बघता फोन लावला. आजी काहीतरी सांगायला लागली तशी घुमी म्हणाली, ‘आई, हे वाक्य आपण बनवलंय. मला नको ऐकवूस. त्यांना समोर आण.’ बराच वेळ छत दिसत राहिलं. मग फोन पलंगाजवळ नेला.

मी त्या माणसाचा चेहरा कधी पाहिला नव्हता, तरी मला धक्का बसला, मग घुमीचं काय झालं असेल. गालाची नुसती हाडं. गळ्याला पट्टी. मिशी सगळी काढलेली. घशाचं दुखणं होतं, ऑपरेशनसुद्धा होऊन गेलं होतं. परदेशात एकट्या पोरीच्या जिवाला घोर नको म्हणून कळवलं नव्हतं. नातीसाठी लपून बसलेला माणूस लेकीपासूनही तिथेच, फोनच्या मागे, लपला होता. घुमीने तोंडावर हात दाबून धरला होता.

मुंगी तिच्या मांडीवर होती. तिने नीट बघितलं. ‘हे कोण आहेत?’

‘आजोबा,’ घुमी कशीबशी म्हणाली. ‘आपले आजोबा.’

‘नाही,’ मुंगी म्हणाली. अगदी समजुतीने म्हणाली, जशी मला भाषेची चूक दाखवायची. ‘आपले आजोबा दुकानात गेलेत. त्यांना मिशी आहे.’

मी म्हटलं, आता हा माणूस कोसळणार. पण तो हसला. भोंगा कसला, फाटक्या कागदासारखा आवाज उरला होता. ‘हो बाळा. बरोबर आहे तुझं. मला भेटले ना ते दुकानात. फार गर्दी आहे तिथे. त्यांचा नंबर यायचाय.’

मुंगी सरसावून फोनच्या अगदी जवळ गेली. ‘तुम्ही परत जाणार आहात का तिथे? मग त्यांना सांगा, आम्ही त्या घरी नाही आता. इथे आलोय. त्यांना हे घर माहीत नाही ना. ते तिकडेच जातील आणि आम्ही नसू.’

म्हणजे पोर काही विसरली नव्हती. इथल्या दुकानांत ते नाहीत, एवढंच तिला कळलं होतं.

‘सांगतो,’ ते म्हणाले. ‘नक्की सांगतो. वेणी छान घातलीय तुझी.’ मग त्यांना बोलवेना. आजीने फोन घेतला.

त्यानंतर फार दिवस गेले नाहीत. बातमी आली तेव्हा कागद अजून कुठल्यातरी टेबलावरच पडले होते. ‘येऊ नकोस,’ आजी म्हणाली, ‘त्यांनीच बजावून ठेवलंय. आलीस तर एवढं केलेलं सगळं पाण्यात जाईल.’ घुमी गेली नाही. खोलीत जमिनीवर बसून राहिली. मी चहा ठेवला, तो तसाच निवून गेला. जन्मभर एवढी बडबड केली, ती काही कामाला आली नाही.

मुंगी पाळणाघरातून आली तेव्हा मला वाटलं, आता घुमी तिला परत काहीतरी रचून सांगेल, देवाघरचं दुकान वगैरे. मी तेही ऐकून घेतलं असतं. पण घुमीने तिला समोर बसवलं, तिचे दोन्ही हात धरले आणि सांगितलं, ‘आजोबा वारले. ते आता येणार नाहीत. कधीच येणार नाहीत.’

मुंगीने विचारलं, ‘त्यांना घर सापडलं नाही का?’

‘तसं नाही गं,’ घुमी म्हणाली. ‘ते दुकानात गेलेच नव्हते. तू रडशील म्हणून खिडकीआड उभे होते. मी तुला खोटं सांगून आणलं.’

तेव्हा मुंगी रडली. त्या दिवशी गाडीत रडायची राहिली होती, तशी रडली. घुमी तिला गप्प बस म्हणाली नाही, मीही म्हणाले नाही. शेजारच्यांनी भिंतीवर टकटक केली. मी बाहेर जाऊन त्यांना सांगितलं की आमच्या घरातलं माणूस गेलंय, आणि परत येऊन त्या दोघींजवळ बसले.

आता रोज सकाळी पाळणाघराच्या दारात घुमी समोर उभी राहते, ‘मी जाते, संध्याकाळी येते,’ म्हणते, आणि मुंगी हात सोडेपर्यंत थांबते. लाँड्रीत तिला उशीर होतो. सुपरवायझर मला विचारतो, तुझी जोडीदारीण कुठेय? मी चादरीचे दोन कोपरे खुंटीला अडकवून दुसरे दोन धरून उभी असते. मी त्याला सांगते, मुलीला सोडायला गेलीय, येईल.