पांढराशुभ्र तांदूळ

भातगिरण्यांत धान उकडायला लागलं की गोंदियाच्या सकाळीला एक कोमट, आंबूस वास येतो. शरदाचं पिवळं ऊन वॉर्डाच्या खिडक्यांतून तिरपं उतरतं आणि त्याच्याबरोबर हा वासही आत शिरून फिनाइलच्या उग्रपणात मिसळून जातो. माझं बालपण दवनीवाड्याकडच्या धानाच्या बांध्यांत, म्हणजे भातखाचरांत गेलं, म्हणून तो मला नेहमी घरचा वाटत आला. या शरदात मात्र तो नाकाशी आला की माझी मान खाली जाते.

वॉर्डात मी नव्या निवासी डॉक्टरांना केस मांडायला शिकवतो. रुग्णाच्या खाटेशी उभं राहायचं आणि ठरलेल्या क्रमाने सांगत जायचं: तक्रार काय, कधीपासून, घरी कोण, खाणं काय, तपासणीत काय आढळलं, आणि हे सगळं झाल्यावरच आजाराचं नाव. नाव आधी उच्चारलं की मन तिथेच ठाण मांडून बसतं आणि पुढचं काही ऐकत नाही, हे माझं लाडकं वाक्य. माझे दोन नियम तर पोरं माझ्या माघारी माझ्याच आवाजात म्हणून दाखवतात. रुग्ण बोलू शकत असेल तर नातेवाइकाला विचारायचं नाही. आणि ‘आहार कसा आहे’ असं न विचारता ‘काल काय जेवलात’ असं विचारायचं. आहार सगळ्यांचा चांगलाच असतो, खरं काय ते कालच्या ताटात असतं.

आई गेल्यापासून बाबा गावी एकटेच राहतात. त्यांचे पाय सुजले, अंगणातून घरात येईपर्यंत धाप लागू लागली, तसा शेजाऱ्यांचा फोन आला आणि मी त्यांना गाडीत घालून घेऊन आलो. तन्वी ही आमच्या तुकडीतली सर्वांत नवी डॉक्टर. तिला खाटेशी उभं राहून सगळी हकीकत मीच सांगितली. वयामुळे थकलेलं हृदय, आहार साधा, घरचा. बाबा छताकडे बघत गप्प पडून होते. आयुष्यभर शिकवलेलं सगळं मी एका दमात मोडलं होतं आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

दुसऱ्या सकाळी केस मांडायची पाळी नेमकी तन्वीची होती. “सर, दुसरा पेशंट घेऊ का?” तिने हळूच विचारलं. खरं तर तेव्हाच मी समजायला हवं होतं. पण सगळ्यांदेखत बापालाही इतरांसारखाच रुग्ण मानणारा गुरू म्हणून मिरवायची संधी मला सोडवेना. वॉर्डात सगळे सारखे, मी म्हणालो, काहीही गाळायचं नाही.

तिने काहीच गाळलं नाही. क्रमही चुकला नाही. रात्री तिने बाबांनाच सगळं पुन्हा विचारलं होतं. स्वयंपाकाला येणारी बाई पावसाळ्याआधीच यायची थांबली होती. मुलाला ते कळवलेलं नव्हतं. काल भात, मीठ आणि लोणच्याची फोड. परवाही तेच, आणि त्याआधीचे कित्येक महिनेही तेच. पूर्वी घरच्या धानाचा उसना, म्हणजे उकडा तांदूळ असे. आता मुलगा गोंदियाहून पॉलिश केलेला बारीक तांदूळ पाठवतो. बाबा तो धुऊन धुऊन घेतात, शिजल्यावर पेज ओतून टाकतात. ‘मुलगा’ म्हणताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मग म्हणाली की हृदय वयाने थकलेलं नसावं, हा बेरीबेरी असावा. ब-एक जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देऊन बघावीत.

धान उकडलं की ते जीवनसत्त्व दाण्यात मुरतं आणि पॉलिश केलं की कोंड्याबरोबर निघून जातं, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहून शिकवतो. आणि त्याच पांढऱ्याशुभ्र तांदळाचे कट्टे दर दिवाळीला गावाकडे धाडत होतो, गावाने ते उतरताना बघावेत म्हणून चौकात गाडी थांबवायला लावत होतो. मला लाज वाटली. पोरांसमोर वाटली, त्याहून जास्त त्या खाटेसमोर वाटली.

इंजेक्शनांनी जादू केल्यासारखा बाबांचा श्वास मोकळा होत गेला. संध्याकाळी मी खाटेपाशी गेलो तर बाबांनी पहिलं काय विचारावं?

“ते पोरगी पास झाली का?”

सकाळी एवढे डॉक्टर भोवती आणि मी मधोमध हाताची घडी घालून उभा. त्यांना ती परीक्षाच वाटली होती. “मी तिले समदं खरं सांगतलो. नाही तं नापास झाली असती बिचारी.”

“झाली पास,” मी म्हणालो. “मला का नाही सांगितलंत?”

“तुले कायले सांगू? तू येवढा कामात राहतेस.” मग शेजारच्या खाटेवर ऐकू जाऊ नये म्हणून त्यांनी आवाज खाली आणला. “पन तू देल्ला तो तांदूर बेस होता बाबू. लोकाईसमोर त्याले खराब मनू नको.”

पायांची सूज बघायच्या निमित्ताने मी वाकलो आणि बराच वेळ तसाच वाकून राहिलो.